मुळशीच्या पावसात केक कोरडा का पडतो?

जुलै महिन्यात मुळशीत एखादी कोरडी वस्तू शोधून दाखवा. ताम्हिणीकडून ढग पौडच्या दिशेने उतरायला लागले की काडेपेटी पेटत नाही, डब्यातले पापड मलूल होतात, मिठाला पाणी सुटतं आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही कुबट वास मारत लोंबत असतात. अशाच दिवसांत मी घरी बदाम-खसखशीचा केक भाजला. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापला, तर तो कोरडा! भिंतींना ओल धरलेल्या घरात एवढी एकच गोष्ट सुकली होती.

डबा बंद होता. मग पाणी गेलं कुठे?

कुठेच गेलं नव्हतं. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली हेच दाखवलं होतं: पाव बंद ठेवला, त्यातलं पाणी तसूभरही कमी होऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. आपल्याला याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायची गरज नाही. रात्रीचा मऊ भात सकाळी टणक, मोकळा होतो; त्याला फोडणी देऊन झाकण ठेवलं की पुन्हा नरम पडतो. पाणी गेलंच असतं, तर नुसत्या वाफेवर तो इतका वळणावर आला नसता.

गंमत स्टार्चची आहे. तांदूळ असो की मैदा, शिजताना त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि आत घड्या घालून बसलेल्या साखळ्या सैल होतात. हा मऊपणा. पदार्थ निवला की त्याच साखळ्या हळूहळू एकमेकींना बिलगून पुन्हा शिस्तीत रांगा लावतात आणि ताठ होतात. पाणी आसपासच असतं, पण जिभेच्या वाट्याला येत नाही. गरम केलं की रांगा मोडतात. आणि या रांगा सगळ्यात भराभर लागतात त्या गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमक्या आपल्या फ्रिजच्या तापमानाला! केक ‘ताजा राहावा’ म्हणून फ्रिजात ठेवणारे आपण सगळे वर्षानुवर्षं त्याला शिळं करण्याचं यंत्र चालवत आलो आहोत.

म्हणजे ओलसर केक हवा असेल तर पाणी वाढवून भागत नाही, स्टार्चला रांगा लावू द्यायच्या नाहीत. इथे बदामाचं महत्त्व कळतं. बदामाच्या पुडीत स्टार्च जवळपास नसतोच, आणि वजनाने निम्मं तेल असतं. जितका मैदा काढून तिथे बदाम घालाल, तितक्या साखळ्या कमी. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून ‘गोड कमी करूया’ म्हणून ती निम्मी केली की केक आधी कोरडा होतो, मग बेचव. आणि लोण्याऐवजी तेल का? लोणी थंड झालं की थिजतं, तेल पातळच राहतं. खरं तर केकचा घास ओलसर लागतो तेव्हा जिभेला पाण्याइतकंच तेलही लागत असतं.

बदामाची आणखी एक कथा. केकला जो ‘बदामाचा वास’ म्हणून आपण ओळखतो, तो गोड बदामाला फारसा नसतोच. पुडीतला बदाम हुंगून पाहा. तो वास कडू बदामाचा. कडू बदामात ॲमिग्डॅलिन नावाचं द्रव्य असतं. ते फुटलं की त्यातून बेंझाल्डिहाइड, म्हणजे तो सुगंध, आणि सोबत सायनाइड बाहेर पडतं. अंगणातल्या झाडावरून तोडून बेधडक खाता येईल असा गोड बदाम माणसाला मिळाला तो एका जनुकातल्या बदलामुळे. तो बदल नेमका कुठला, हे शास्त्रज्ञांनी २०१९ साली उलगडून दाखवलं. जर्दाळूच्या बीमध्येही तेच द्रव्य असतं. बाटलीतल्या इसेन्सचे दोन थेंब घालताना आपण विष वगळून त्याचा वास तेवढा घेत असतो.

दुसरा जिन्नस त्याहून मोठ्या बदनाम घरातला. खसखस हे अफूच्या झाडाचं बी. नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात, म्हणजे एके काळच्या शिंदे-होळकरांच्या माळव्यात, आजही अफूची शेती होते. पण कुणीही उठून पेरावी अशी ती नाही. ग्वाल्हेरहून चालणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना लागतो. फुलाच्या पाकळ्या गळल्या की हिरवं बोंड उरतं. त्याला संध्याकाळच्या सुमारास बारीक चिरा देतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात, आणि तो सगळा सरकारच्या ताब्यात जातो. मग बोंड वाळतं. अफू वाहून गेलेल्या त्या वाळक्या खुळखुळ्यात उरते ती खसखस. आपल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानेही बोंड आणि काडाची व्याख्या करताना बी तेवढं वगळलं आहे. बीच्या आत अफूची द्रव्यं नसतात म्हटलं तरी चालेल; वरून चीक लागला असेल तेवढाच. संयुक्त अरब अमिरातीचा कायदा मात्र हा फरक करत नाही, म्हणून दुबईच्या लेकीला पाठवायच्या अनारशांवर खसखस लावायची नसते. (अनारसा खसखशीविना म्हणजे काय राहिलं, ते वेगळं.)

भिंग असेल तर एक दाणा त्याखाली धरून पाहाच. नुसत्या डोळ्यांना रव्याचा कण वाटणारी ही बी मूत्रपिंडाच्या आकाराची असते आणि तिच्या अंगभर मधाच्या पोळ्यासारखी जाळी विणलेली असते. एका ग्रॅममध्ये साधारण ३,३०० दाणे भरतात. केकसाठी मी ४० ग्रॅम घेते, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त! हसू फुटलं की आपण ‘खसखस पिकली’ म्हणतो. हा वाक्प्रचार वाळलेलं बोंड कानाशी हलवून पाहिलेल्या माणसानेच काढला असणार, असं मला उगाच वाटतं.

युरोपातल्या केकमध्ये खसखस निळी-काळी असते, म्हणून चित्रांत काळे ठिपके दिसतात. आपली पांढरी. आपल्या केकमध्ये ठिपके दिसणार नाहीत, दाताखाली मात्र कुरकुर तीच. आणि मनुका, टुटीफ्रुटी जशी तळाशी जाऊन बसते, तशी खसखस का बसत नाही? दाट द्रवात कण किती वेगाने बुडतो, ते त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरतं. मनुकेच्या दहाव्या हिश्शाएवढा दाणा शंभरपट सावकाश बुडतो. तो तळाला पोचायच्या आत केक शिजून उभा राहतो.

आता केकच्या मधलं भोक. मी केक भाजते ते मधे चिमणी असलेलं भांडं मूळचं जर्मन घरांतलं. १९५० साली अमेरिकेत मिनिॲपोलिसच्या ज्यू बायकांच्या एका मंडळाने तसं भांडं हवं म्हटलं, म्हणून नॉर्डिक वेअरच्या डेव्हिड डालक्विस्टने ते ॲल्युमिनियममध्ये ओतून दिलं. ‘बंट’ हे नाव तेव्हाचं. सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. १९६६च्या एका पाककृती स्पर्धेत या भांड्यातला चॉकलेट केक दुसरा आला आणि मग मात्र झुंबड उडाली.

माझं भांडं पाहून आमच्याकडे येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “हे थालीपिठासारखंच की वो.” अगदी बरोबर! थालीपिठाच्या मधे बोटाने भोकं पाडून तेल सोडतो ते याचसाठी, की कडा करपायच्या आत मधला भाग शिजावा. ओव्हन १७० अंशांवर असला तरी केकच्या पोटातलं तापमान पाणी उकळण्याच्या पुढे सहसा जात नाही, आणि मुळशीच्या सहाशेक मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आतला भाग तिथवर पोचण्याची वाट पाहताना बाहेरचा भाग वाळत राहतो. उष्णतेला आत शिरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. चिमणीमुळे अंतर निम्मं झालं, तर वेळ चौथाईवर येतो. केक वाचवते ती मधली पोकळी.

हे सगळं कळल्यावर माझी दुसरी खेप अशी झाली. खसखस किंचित भाजून १५० मिली कोमट दुधात तासभर भिजवली. २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बदामाची पूड, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. तीन अंडी २०० ग्रॅम साखरेबरोबर फेसून त्यात १४० मिली तेल आणि १०० ग्रॅम दही. दह्याची आंबट बाजू सोड्याला जागं करते. मैदा घातल्यावर फार घोटायचं नाही, नाहीतर केक चिवट होतो. भांड्याच्या प्रत्येक खळगीत तूप आणि वरून मैदा भुरभुरवून, १७० अंशांवर पंचेचाळीस मिनिटांनंतर काडी घालून पाहायची.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं. लगेच उपडा केला तर मोडतो, विसरलात तर चिकटतो. मी भांडं ताटलीवर उलटं केलं तेव्हा एका क्षणानंतर ‘थप्’ असा आवाज आला. केक रात्रभर झाकून ठेवला, अर्थात फ्रिजबाहेर. पण या दमट हवेत बुरशीलाही केक आवडतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत संपवलेला बरा. दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा मऊ होता, कारण कडक कवचाने रात्रीतून आतली ओल पिऊन घेतली होती.

सोळा तुकडे झाले. एका तुकड्यात आठ हजारांहून जास्त दाणे. मावशींनी दोन खाल्ले आणि मग संध्याकाळपर्यंत दातात अडकलेला एकच दाणा जिभेने शोधत होत्या.