पाट गार लागला का?

नोव्हेंबर २०१५. दिवाळी उरकून चार दिवस झाले होते. सकाळी अंघोळीला पाटावर बसले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाट ओला होता, पण त्याचा गारवा मला लागतच नव्हता. हात लावून पाहिला. बसायची जागा, मांड्यांची आतली बाजू, सगळं बधिर. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं.

आधीचं सांगते. माझं मणक्याचं पहिलं ऑपरेशन २००८ साली झालं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून शिरेवर दाबत होती, पार अंगठ्यापर्यंत कळ जायची. तेव्हा सगळी गल्ली सांगत होती, ‘मणक्याला सुरी लावू नकोस बाई, माणूस अंथरुणाला खिळतो.’ मी कुठली खिळतेय! सात वर्षं कळशा उचलल्या, पापड लाटले, घरातली दोन लग्नं उभी केली. म्हणूनच दिवाळीच्या आधी पाय पुन्हा दुखायला लागला, तेव्हा फराळाच्या दगदगीवर खापर फोडून मी मोकळी झाले. जे एकदा कापून काढलं ते परत कसं येईल?

त्या दिवशी दुपारपासून लघवी नीट होईना. पोट जड, आणि बसलं की नुसते थेंब. दोन दिवस मी कुणालाच बोलले नाही. पाय दुखतो हे चारचौघांत सांगता येतं हो. घरात सासरे, दीर, कॉलेजला जाणारा मुलगा. यांच्यासमोर हे कसं काढायचं? नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

शेवटी मोठ्या जाऊबाईंच्याच लक्षात आलं. ‘‘अगं, सकाळपासून पाचव्यांदा जाऊन आलीस. झालंय काय?’’

‘‘ताई, मला तिथलं काही कळतच नाहीये.’’

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. ओट्यावरची कणीक तशीच ठेवून दिरांना गाडी काढायला लावली. गडहिंग्लजहून कोल्हापूर गाठेपर्यंत मी मागच्या सीटवर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून होते.

तिथे आधी लघवीची नळी घातली. भरलेली पिशवी बघून नर्सच म्हणाली, ‘‘बाई गं!’’ एमआरआय झाला आणि त्याच रात्री ऑपरेशन.

मग सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. गादीला बाहेरून चिवट कडं असतं, आत मऊ गर. ऑपरेशनमध्ये बाहेर आलेला तुकडा काढतात, अख्खी गादी नाही. कड्याला पडलेली वाट पहिल्यासारखी घट्ट बुजत नाही, आणि राहिलेला गर त्याच वाटेने पुन्हा बाहेर येऊ शकतो. कुणाला वर्षात, कुणाला दहा वर्षांनी. शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांना असं होतं म्हणे. काहींना गादी नाही, तर जुन्या जखमेचा व्रण त्रास देतो. ते ओळखायला शिरेतून औषध देऊन एमआरआय करतात. व्रण औषध घेऊन उजळतो, गादीचा तुकडा तसा उजळत नाही. आणि ज्यांचे मणके स्क्रू घालून जोडलेले असतात, त्यांच्या जोडाच्या शेजारच्या गादीवर जास्तीचा भार येतो. दुखणं शेजारी राहायला जातं म्हणा ना.

माझं प्रकरण मात्र वेगळं होतं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या एक-दोन मणक्यांपाशीच संपतो. त्याच्या खाली शिरांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. डॉक्टरी नावही तेच, कॉडा इक्विना. लघवी, शौच, बसायच्या जागेची जाणीव, सगळं या शिरांकडे. मोठा तुकडा त्यांच्यावर पडला की तासातासाचा हिशेब असतो. लघवी पूर्ण अडायच्या आत दाब निघाला तर सुटायची आशा जास्त. माझे दोन दिवस लाजण्यात गेले.

पायाची कळ दुसऱ्याच दिवशी गेली. लघवीचं तसं झालं नाही. बारीक नळी स्वतःच घालून लघवी काढायची, हे नर्सने आरसा धरून शिकवलं. पहिल्या दिवशी मी रडले. पुढे सात महिने दिवसातून चार वेळा केलं, बहिणीच्या मुलाच्या मुंजीत कार्यालयाच्या बाथरूममध्येसुद्धा. आता नळी लागत नाही, पण घड्याळ बघून जावं लागतं. लागल्याची नेमकी जाणीव नाही. उजवीकडचा एक तळहाताएवढा भाग अजून बधिरच आहे. नवऱ्याजवळ असतानाही पूर्वीसारखं कळत नाही. हे त्यांना सांगायला मला वर्ष लागलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, ‘‘मग आधी बोलायचं नाही का?’’

आणखी एक. सर्जननी २००८ च्या फिल्म मागितल्या होत्या. त्या मी त्याच दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातल्या होत्या! आताची फाइल मात्र कपाटात, पैठणीच्या खाली.

जाऊबाई अजून अधूनमधून न्हाणीघराच्या दाराशी येऊन विचारतात, ‘‘काय गं, पाट गार लागला का?’’

मी आतून ओरडते, ‘‘डावीकडे लागला!’’