बुडालेली बोट आणि परतीचा घाट

पुण्यात ‘आम्ही स्कूबा केलं’ असं सांगणारी माणसं हल्ली जिममध्ये, लग्नात, सोसायटीच्या जिन्यात कुठेही भेटतात. बहुतेकांनी ते केलेलं असतं मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. पाणी चार-पाच मीटर, पाठीवरचा सिलिंडर धरून इन्स्ट्रक्टर मागे आणि कॅमेरेवाला समोर. त्यात वाईट काही नाही. मासे खरे असतात आणि आनंदही खरा असतो. गडबड होते ती पुढे. मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी एक फोटो टाकतो: निळंशार पाणी, अख्खं जहाज, खिडकीतून डोकावणारा मासा. आणि ठरतं की पुढच्या लाँग वीकेंडला गोव्याला बुडालेल्या बोटीवर जायचं. एका संध्याकाळात सगळेजण त्या विषयातले जाणकारही होतात. त्या जाणकारीतलं काय खरं आणि काय नाही, ते गाडी बुक करण्याआधी पाहिलेलं बरं.

‘पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो.’

नसतो. आपण लक्ष्मी रोडवर घेतो तीच हवा असते, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. साधारण २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी खाली गेलं तर ६ मीटरच्या पुढे तोच ऑक्सिजन मेंदूवर विषासारखा काम करू लागतो आणि झटके येऊ शकतात. म्हणून खालची सगळी गणितं दोन गोष्टींवर चालतात. हवा किती उरली, आणि नायट्रोजन किती शोषला गेला.

हवेचं गणित सोपं आहे. दर १० मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. नेहमीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २,२०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला २० लिटर वापरतो असं धरलं तर पृष्ठभागावर ती पावणेदोन तासांहून जास्त पुरेल, १० मीटरवर पंचावन्न मिनिटं, २० मीटरवर सदतीसच्या आसपास. त्यातूनही ५० बार राखीव ठेवूनच वर यायचं असतं. उत्साहात हातपाय मारणारा मित्र हीच हवा अर्ध्या वेळात संपवतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या जोडीदारालाही वर यावं लागतं. ग्रुपची डाइव्ह सगळ्यात जास्त हवा खाणाऱ्या माणसावर बेतावी लागते, त्यामुळे त्याला चिडवण्यात अर्थ नसतो.

‘श्वास रोखून धरायचा’ ही ऑक्सिजनच्या समजाचीच सख्खी बहीण. शाळेच्या तलावात आपण तेच शिकलो. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला तेवढी जागा देता येत नाही. ही इजा जेमतेम सव्वा मीटरवरूनही झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे पुण्यातल्या पोहण्याच्या तलावात सराव करतानाही हा नियम लागू आहे.

पोहता येत नसेल तर? मालवणातल्या पहिल्या ओळखीच्या डाइव्हला चालतं. पण ज्या सर्टिफिकेटवर तुम्हाला जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं. बोटीवर जायचं तर हे हवंच. शार्कची भीती मात्र पुण्यातच सोडून निघालेलं चांगलं. कोकण-गोव्याच्या बुडालेल्या बोटींवर खरा त्रास देतात ती मच्छीमारांची हरवलेली नायलॉनची जाळी, गंजून धारदार झालेले पत्रे आणि दगडासारखा निपचित पडलेला विषारी काट्यांचा मासा. त्यामुळे हात कुठेही टेकवायचा नाही आणि जाळी कापायला छोटी कात्री जवळ ठेवायची.

आता बोट. ग्रुपवर फिरणारा तो फोटो बहुधा तांबड्या समुद्रातल्या थिसलगॉर्मचा असतो. हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलं. आत लष्करी ट्रक आणि मोटारसायकली अजून ओळखू येतात आणि पाणी काचेसारखं आहे. आपला अरबी समुद्र तसा नाही. गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळच्या ‘सूझीज रेक’वर चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातल्या फिन्स दिसल्या तरी समाधान मानायचं. तिथे उभं जहाजही नाही. पत्रे आणि सांगाड्याचे तुकडे खडकांत विखुरलेले आहेत, अर्धे शेवाळ-कालवांखाली गेलेले. पहिल्यांदा जाणारा माणूस त्यावरून पोहत जातो आणि वर येऊन विचारतो, ‘बोट कुठे होती?’ सरळ रेषा शोधा असं मी सांगते. निसर्ग खडकात सरळ रेषा आणि समान अंतरावरची भोकं क्वचितच काढतो. रिव्हेटची एक रांग दिसली की मग बाकीची बोट हळूहळू जुळायला लागते.

लाकडी जहाजांचं तर तेवढंही उरत नाही. उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक शिंपलावर्गीय जीव असतो. दिसायला अळीसारखा, पण नातं कालवांशी. उघडं लाकूड तो काही वर्षांत चाळणी करून टाकतो. स्वीडनचं ‘वासा’ १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर आलं, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट आणि तिथे या जीवाचं फावत नाही. आपल्याकडे तोफा, नांगर, भार म्हणून भरलेले दगड आणि खापरं एवढंच मागे राहतं.

खापरं म्हटलं की खजिना आलाच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या काही बुडालेल्या जहाजांचा शिस्तीत अभ्यास केला आहे. सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. सोन्याची नाणी भरलेली पेटी नव्हती. सेंट जॉर्ज रीफवरचा माल तर मला त्याहून आवडतो: बासल मिशन टाइल वर्क्सचा शिक्का आणि १८६५ साल असलेली कौलं आणि बांधकामाच्या खांबांचे भाजलेल्या मातीचे भाग. कोकणातल्या कितीतरी घरांवर चढली ती मंगलोरी कौलं जहाजाने कुठेतरी निघाली होती आणि खडकावर संपली. अशा जहाजाचं कोडं अभ्यासक एका कौलाच्या शिक्क्यावरून सोडवतात. म्हणूनच ‘एक तुकडा आणला तर काय बिघडतं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘बरंच’ असं आहे. जागेवरून हललेला तुकडा अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. शोकेसमध्ये ठेवायला शिंपले पुष्कळ मिळतात.

गोव्याच्या बोटीवर बसलं की कोणीतरी हमखास ‘जर्मन जहाजा’ची गोष्ट सांगतो आणि सगळ्यांना वाटतं आपण त्यावरच उतरणार. गोष्ट खरी आहे, जागा आणि तपशील चुकतो. दुसऱ्या महायुद्धात एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि अनफोरा हे इटालियन जहाज तटस्थ पोर्तुगीज गोव्याच्या मुरगाव बंदरात अडकून होती. एहरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले बहुतांशी मध्यमवयीन गोरे व्यापारी आणि नोकरदार एका जुन्या बार्जमधून तिथे येऊन थडकले. लोक म्हणतात, ‘ब्रिटिशांनी जहाज बुडवलं.’ प्रत्यक्षात शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच आपापली जहाजं आगी लावून, पाणी आत घेऊन बुडवली. पुढे १९८० मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट त्यावर निघाला आणि दंतकथा पक्की झाली. पण हे सगळं मुरगाव बंदरात घडलं. ग्रँड आयलंडवरचे पत्रे एहरेनफेल्सचे नाहीत.

प्रत्येक बुडालेली बोट डाइव्हची जागा असते, हाही असाच एक समज. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या अनेक घरांत त्या दिवसाची आठवण अजून आहे. तिथलं पाणी गढूळ, जहाजांची वर्दळ मोठी, हे झालं व्यवहारातलं कारण. एरवीही तिथे सेल्फी काढायला जावंसं कोणाला वाटू नये.

‘आत शिरलं नाही तर रेक डाइव्ह कसली?’ हा गैरसमज मात्र जीव घेणारा आहे. उघड्या पाण्यात काहीही बिघडलं तरी सरळ वर येण्याची वाट असते. छताखाली ती नसते. आतल्या प्रत्येक पृष्ठभागावर वर्षानुवर्षांचा बारीक गाळ बसलेला असतो. एका फिनचा झटका, किंवा नुसते वर गेलेले बुडबुडे छताला लागून खाली पडलेला गंज, आणि हातातल्या टॉर्चचा उजेड मनगटापर्यंतही पोचत नाही. आलो ते दार डावीकडे की मागे, हे अशा वेळी आठवत नाही. म्हणून आत जाणारे दोरी बांधून जातात, एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि एक अडचणीला ठेवतात, आणि त्याचं वेगळं शिक्षण घेतात. नवशिक्या मित्रांसाठी बोट ही बाहेरूनच बघायची गोष्ट आहे. मासेही बहुतेक बाहेरच असतात.

महाराष्ट्रात या विषयाला आता नवं निमित्त मिळालं आहे, ‘आयएनएस गुलदार’. ही सुमारे ८४ मीटर लांबीची, पोलंडमध्ये बांधलेली, थेट किनाऱ्याला लागून रणगाडे आणि सैनिक उतरवणारी नौका. ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ती कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ती तळावर बसवून डाइव्हची जागा आणि माशांचा आसरा करायचा असा प्रकल्प आहे. त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, भंगार समुद्रात ढकलतायत. दुसरं म्हणतं, दोन वर्षांत प्रवाळांची बाग होईल.

दोन्ही घाईची. अशी नौका बुडवण्याआधी तेल, रंगांतली विषारी द्रव्यं, वायरी, सुटी होणारी प्रत्येक गोष्ट काढावी लागते, दारं उतरवून मोठी भोकं पाडावी लागतात, म्हणजे पाणी समान शिरतं आणि पुढे डायव्हर अडकत नाही. तरीही जहाज कसं बसेल ते सांगता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ २००२ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही नौका ठरल्या वेळेआधीच उलटली, मग तिला कुशीवर आणलं, आणि २००५ च्या एका चक्रीवादळाने फुकटात सरळ उभी केली. मासे मात्र लवकर येतात. आडोसा दिसला की तांबोशी, गोबरा चौकशीला हजर होतात. शेवाळ आणि बार्नकल पहिल्या काही महिन्यांतच चढतात. प्रवाळांची गोष्ट वेगळी. ते सावकाश वाढतात आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या जो गाळ आणून ओततात, तो त्यांना सोसत नाही. निवती रॉकवर अंदमान होणार नाही. माशांनी भरलेली, हिरवट पाण्यातली एक मोठी बोट मिळाली तरी पुष्कळ झालं.

आणि आता तो गैरसमज, जो पुणेकरांचा खास आहे. ‘डाइव्हनंतर विमानात बसायचं नसतं, आपण तर गाडीने जाणार.’

खाली असताना दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. सावकाश वर येणं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं हे सगळं तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून. पाण्याबाहेर आल्यावरही तो कित्येक तास निघत राहतो. तेवढ्यात भोवतालचा दाब आणखी उतरला तर त्याचे बुडबुडे धरतात. एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबा, हा सल्ला ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे. विमानाच्या केबिनमधला दाब याच टप्प्यातला असतो, मग उड्डाण गोवा ते पुण्याचं लोहगाव एवढं छोटं का असेना. पण आंबोली घाटाचा माथा ६९० मीटरच्या आसपास आहे. मालवणात सकाळी दोन खोल डाइव्ह, दुपारी सुरमई थाळी आणि चारला आंबोलीत भजी, असा रविवार म्हणजे याच सल्ल्याच्या हद्दीत शिरणं. पुणं स्वतः ५६० मीटरवर आहे. कोकणातून इकडे यायचं तर सह्याद्री कुठे ना कुठे चढावाच लागतो. महाड, ताम्हिणीवरून आलात तर चढ निदान सात-आठ तासांनी येतो, एवढाच फरक.

पाच मीटरवर वीस मिनिटं फिरून आलेल्याला यात फार कमी धोका आहे. बोटीसाठी १५-२० मीटरवर दोनदा उतरलेल्यांनी मात्र शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारपर्यंत उरकावी आणि घाट रविवारी सकाळी चढावा. मधल्या रात्री गोवा आहे म्हणून पिऊ नये, पाणी मात्र भरपूर प्यावं.

सोमवारी खांदा किंवा कोपर आतून ठणकत असेल, हाताला मुंग्या येत असतील, अंगावर लालसर नक्षी उठली असेल, तर गाडीत आखडून बसल्यामुळे झालं असेल म्हणून सोडून देऊ नका. लक्षणं बहुधा पहिल्या २४ तासांतच येतात. त्यावर आधी शुद्ध ऑक्सिजन आणि मग उच्चदाबाच्या कक्षातले उपचार लागतात. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात डायव्हिंगशी संबंधित वैद्यकशाखेची स्वतंत्र संस्थाच आहे. पण तुमच्या गल्लीतले डॉक्टर खांदा बघून ‘गेल्या दोन दिवसांत किती मीटर खाली गेला होतात?’ असं विचारणार नाहीत. ते आपण होऊन सांगायचं, आणि डाइव्ह कॉम्प्युटरवरचे आकडेही दाखवायचे.