लसीनंतरचे दोन दिवस

दिवाळीनंतर कोकणात उतरलेले मेंढपाळ पावसाळ्यापूर्वी घाट चढून देशावर परततात. लोणावळा-मावळचा धुवांधार पाऊस मेंढीला मानवत नाही, त्यामुळे पुढे सरकण्याची घाई असते. आंत्रविषाराची लस टोचण्याची वेळही नेमकी तीच. पावसानंतरचे कोवळे गवत अधाशीपणे खाल्ले की आतड्यातील जंतू विष निर्माण करतात, आणि बहुधा सर्वांत धष्टपुष्ट कोकरूच काही तासांत दगावते. पुण्यात औंधच्या शासकीय संस्थेत ही लस तयार होते.

लसीनंतर कोकराला एक-दोन दिवस कणकण येते, टोचल्या जागी गाठ दिसते. ती दाबू वा चोळू नये. सावली, स्वच्छ पाणी, आईचे दूध पुरते; लांबची चाल मात्र टाळावी. दूध सोडलेले वा धापा टाकणारे कोकरू त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. प्रथमच लस घेणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. तोवर कळप दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेला असतो, हीच खरी अडचण. म्हणून पहिल्या टोचणीची तारीख लिहून ठेवलेली बरी.

जीवदयेसाठी पांजरपोळास देणगी देणाऱ्या ज्या कुटुंबांची मावळात शेती आहे, त्यांनी अशा कळपाला दोन रात्री आपल्या रानात बसू द्यावे. शेताला लेंडीखतही मिळते.