कंदिलाच्या काचेपासून काचेच्या घोड्यांपर्यंत

मकबूल फिदा हुसेन म्हटले की डोळ्यांसमोर कॅनव्हासवर उधळलेले घोडे येतात. पण वयाची नव्वदी ओलांडल्यावर या चित्रकाराने आपले घोडे काचेत उतरवण्याचा घाट घातला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हे घोडे आज कतारमधल्या दोहा शहरात, एज्युकेशन सिटीत उभे आहेत. ज्याच्या कल्पनेतून ते उभे राहिले तो माणूस मात्र आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला. १७ सप्टेंबर १९१५ रोजी त्यांचा जन्म पंढरपुरात एका सुलेमानी बोहरा घरात झाला. त्या काळी पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी ही गावे एकाच छोट्या रेल्वेने, बार्शी लाइटने, जोडलेली होती. म्हणजे हुसेन आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावरचेच म्हणायचे.

त्यांच्या काही चित्रांवरून देशात मोठे वादळ उठले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका कव्वालीवर मुस्लिम संघटनांनीही हरकत घेतली होती. सजीवांची चित्रे आणि पुतळे यांबाबत उलेमांची मते काय आहेत, हेही आपल्याला माहीत आहे. या लेखात त्या मसल्यांत शिरायचे नाही. एक हुनरमंद माणूस शिकत शिकत कुठून कुठे पोचला आणि त्यातून आपल्या घरांनी काय घ्यावे, एवढेच पाहायचे आहे.

दादांचे कंदील

मकबूल दीड वर्षांचे असतानाच आई गेली. आईचा फोटोही घरात नव्हता. पुढे त्यांच्या चित्रांतल्या अनेक बायकांना चेहराच नसतो, त्याचे कारण हेच सांगितले जाते. आईविना वाढणाऱ्या या मुलाला आजोबांचा मोठा लळा होता. आजोबा पत्र्याचे काम करणारे कारागीर, कंदील बनवणारे आणि दुरुस्त करणारे. पत्रा, वात, रॉकेल आणि काच हीच या मुलाची पहिली शाळा. मोठेपणी त्यांच्या चित्रांत कंदील आणि छत्री पुन्हा पुन्हा येतात, ती आजोबांची आठवण. १९५६ च्या त्यांच्या एका गाजलेल्या चित्राच्या नावातच दिवा आहे.

तो जमानाच कंदिलाचा होता. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. संध्याकाळी राखेने काच पुसणे हे घरातल्या मुलांचे काम असे. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आपल्या दादी-नानीला कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. काचेच्या साऱ्या कलेचे मर्म त्यात आहे, ते पुढे येईलच.

तालीम कुठे झाली?

पुढे कुटुंब इंदूरला गेले. बडोद्याच्या मदरशात असताना मकबूल यांनी खत्ताती, म्हणजे सुलेखन शिकले. कलमाची एक रेघ एका दमात, न थरथरता ओढायची, हा त्यांचा पहिला रियाज. मोहरमच्या मिरवणुकीतला घोडा त्यांनी लहानपणीच पाहिला होता, तो मनात घर करून राहिला.

मुंबईला आल्यावर पोटासाठी त्यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवली. बांबूच्या परातीवर चढून, वीस-वीस फुटी चेहरे ठरलेल्या वेळेत पुरे करायचे. नंतर फर्निचरच्या दुकानात मुलांची खेळणी आणि लाकडी सामान तयार केले. १९४७ साली मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते आले आणि चित्रकार म्हणून नाव झाले. १९५२ च्या चीन दौऱ्यात त्यांनी तांग काळातले मातीचे घोडे पाहिले. मोहरमचा घोडा आणि चीनचा घोडा यांतून हुसेन यांचा स्वतःचा घोडा जन्मला. १९६७ मध्ये त्यांच्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळाले. पुढे पद्मविभूषणही मिळाले.

पत्रा, कलम, पोस्टर, लाकूड, कॅनव्हास, कॅमेरा. दर थोड्या वर्षांनी हा माणूस नवे माध्यम हातात घेत होता आणि त्या माध्यमापुढे पुन्हा शागिर्द होत होता. काच ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

काच कुणासाठी थांबत नाही

काच म्हणजे मुळात वाळू, सोडा आणि चुना. भट्टीत हे मिश्रण चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि मधासारखे घट्ट, लाल-पिवळे होते. लोखंडी नळीच्या टोकावर गोळा घेऊन फुंकर मारायची, चिमट्याने ओढायचे, फिरवत राहायचे. फिरवणे थांबले की गोळा लोंबतो. थंड होऊ लागला की आकार घेत नाही, पुन्हा भट्टीत धरावा लागतो. रंग वरून लावायचे नसतात, ते काचेच्या अंगातच असतात: कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवट-निळा, सोन्याच्या अंशाने लाल.

आणि सगळ्यात कठीण काम शेवटी. वस्तू तयार झाली म्हणून बाहेर ठेवली तर ती तडकते, कारण बाहेरचा थर आधी आणि आतला नंतर गार होतो. म्हणून ती दुसऱ्या भट्टीत हळूहळू थंड करावी लागते. जाड, मोठ्या वस्तूला कित्येक दिवस लागतात. दादी-नानीला कंदिलाची काच जे शिकवत होती, ते हेच.

हुसेन यांनी आपल्या घोड्यांसाठी इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची काच निवडली. १२९१ साली व्हेनिसच्या राज्याने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या शहरातून या बेटावर हलवल्या. तेव्हापासून तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालते. प्रमुख कारागिराला तिथे 'माएस्त्रो' म्हणतात, आपल्या भाषेत उस्ताद. चित्रकाराने कल्पना द्यायची आणि उस्तादाने ती काचेत घडवायची, ही तिथली जुनी रीत आहे. पिकासो आणि शागाल यांच्या कल्पनाही तिथल्या कारागिरांनी काचेत उतरवल्या होत्या.

पोस्टर रंगवणाऱ्याचा हात इथे कामी आला असावा, असे मला वाटते. हुसेन यांच्या घोड्याची रेघ एका झटक्यात येते, ती खोडून पुन्हा काढलेली नसते. काचेलाही तसाच, न अडखळणारा आकार लागतो. बारीकसारीक तपशील ती मानत नाही.

हे आपलेच घराणे

काचेचे हे काम युरोपचेच आहे, असे मुलांनी समजू नये. फुंकून काच घडवण्याची युक्ती दोन हजार वर्षांपूर्वी शाम आणि पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात निघाली. पुढे मिसर आणि शामच्या ममलूक सुलतानांच्या काळात मशिदींसाठी मीनाकारीचे, सोनेरी अक्षरांचे काचेचे दिवे बनले. सूरह नूरमध्ये काचेतल्या दिव्याची उपमा आहे. त्या आयतीचे शब्द अनेकदा या दिव्यांवरच लिहिलेले असत. व्हेनिसचे कारागीर शामच्या या कामाकडून खूप शिकले. नंतर काळ फिरला. १५६९ मध्ये उस्मानी वजीर सोकुल्लू मेहमद पाशांनी दिव्यांची मागणी थेट व्हेनिसकडे नोंदवली, तीही नऊशे दिव्यांची.

आपल्या गल्लीतही हा धागा आहे. मण्यार भाई टोपलीत घेऊन येतात त्या बांगड्या बहुतेक फिरोजाबादच्या शीशगरांच्या भट्टीतल्या असतात. ईदच्या आदल्या रात्री मुलीच्या हातात चढणारी बांगडी म्हणजे कुणाच्या तरी हातची, आगीसमोर घडलेली चीज आहे.

दोह्यातले घोडे

२००६ मध्ये हुसेन यांनी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, दफनही तिकडेच झाले. पंढरपूरची माती त्यांच्या नशिबी आली नाही.

त्यांची ती अखेरची मोठी कलाकृती म्हणजे 'सीरू फिल अर्द', अर्थात 'धरतीवर फिरा'. कुरआनात हे शब्द एकाहून जास्त ठिकाणी येतात. कतारच्या शेखा मोझा यांनी हे काम त्यांच्याकडे सोपवले होते. त्यांच्या हयातीत ते पूर्ण झाले नाही, डिसेंबर २०१९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. माणूस घोड्यापासून यंत्रापर्यंत कसा आला, याची ही फिरती कहाणी आहे. त्यात मुरानोचे काचेचे घोडे आहेत, जुन्या मोटारी आहेत आणि अब्बास इब्न फिरनास यांचा पुतळाही आहे. नवव्या शतकातल्या कुर्तुब्याच्या या विद्वानाने उडण्याचा प्रयत्न केला, हे पुष्कळांना माहीत असते. पण दगडापासून स्वच्छ काच बनवण्याची रीतही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. काचेच्या घोड्यांजवळ त्यांना जागा मिळावी, हे किती योग्य! नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यातच 'लौह व कलम' हे हुसेन यांचे स्वतंत्र संग्रहालयही उघडले. त्याच्या इमारतीची कल्पना त्यांच्याच एका रेखाटनावरून घेतली आहे.

आपल्या घरासाठी

शिक्षिका म्हणून मला या कहाणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आजोबांचे पत्र्याचे काम कमी दर्जाचे नव्हते, तिथेच पाया घातला गेला. आपल्या घरांत कलई, रफू, जरी, लोहारकाम, शिवण असे काही ना काही हुनर असतेच. 'शिकला नाहीस तर हेच करावे लागेल' अशी धमकी म्हणून आपण मुलांसमोर त्याचे नाव घेतो. त्याऐवजी सुट्टीत मुलाला आजोबांजवळ आठ दिवस बसवा. शाळा सुटू देऊ नका, पण हातही रिकामा ठेवू नका.

दुसरी, वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलाला रागावण्याआधी शाळेत चौकशी करा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आपल्या शाळांतून देता येतात, दहावीला त्यांचे सवलतीचे गुणही मिळतात. पुढे मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर माती आणि काच या विषयाचे खास शिक्षण मिळते. मुलींनाही ही वाट तितकीच मोकळी आहे, फक्त घरातून कुणी तरी 'जा' म्हणायला हवे.

नव्वदीतला माणूस नवे माध्यम शिकायला तयार असतो. मग चौदाव्या वर्षीच मुलाला 'हे तुझे काम नाही' असे आपण का सांगावे?