सीपीके वाढलं, पण टीएसएच केली का?

सावद्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. दहा वर्षांपासून शुगर, मांड्या सारख्या दुखतात, पायात गोळे येतात. रक्त तपासलं तर सीपीके बरंच वाढलेलं. ईसीजी चांगला. तरी घरचे घाबरलेत, हार्टचंच काहीतरी असणार म्हणून.

सीपीके हे विकर. केळी पिकवणाऱ्यांना विकरांची करामत रोज दिसते. कच्च्या केळातल्या स्टार्चची साखर तीच करतात. सीपीकेचं काम पेशीच्या आत चालतं. रक्तात सापडतं ते तिथून झिरपलेलं. सीपीके हृदयात असतंच, पण त्याचा मोठा साठा हातापायांच्या स्नायूंत. थायरॉईड मंदावलं की स्नायूंतून ते जास्त झिरपतं आणि रक्तातून लवकर निघूनही जात नाही. म्हणून हल्ली हार्ट अटॅकच्या शंकेला ट्रोपोनिन तपासतात.

या विकराचा कच्चा माल, फॉस्फोक्रिएटिन, कोणी शोधला? भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, सायरस फिस्के यांच्यासोबत, १९२७ मध्ये हार्वर्डला. स्नायू आकुंचन पावताना लागणारी ऊर्जा यातून चटकन भरून निघते, हे पुढे उलगडत गेलं. एवढं काम करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४८ मध्ये ते गेले. 

मधुमेहाने गुंता वाढतो. मधुमेहात अनेकदा यकृतात चरबी साठते, आणि मग एसजीपीटी, जीजीटी ही यकृताची विकरं थोडी वर सरकतात. अनेकांना स्टॅटिनची गोळीही सुरू असते, आणि तिनेही स्नायू दुखू शकतात. त्यात मंद थायरॉईडने कोलेस्टेरॉल चढतं, ते उतरवायला स्टॅटिनचा डोस वाढवला जातो, आणि दुखणं बळावतं. उलट थायरॉईड जोरात असेल तर हाडांची उलाढाल वाढून अल्कलाइन फॉस्फटेज चढतं. हे विकर यकृतातही असतं. तिथे यकृताला उगाच दोष लागतो.

पन्नास तपासण्यांच्या पॅकेजात चढ-उतरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे लाल बाण छापून मिळतो, पण हे आकडे शेजारी ठेवून वाचणारं कोणीतरी लागतं. या वाचकांनी आधी टीएसएच ही थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, तीही स्टॅटिन मनाने बंद न करता. थायरॉईडच मंद निघालं, तर थायरॉक्सिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सीपीके उतरू लागतं. लघवी चहासारखी गडद झाली किंवा छातीत दुखलं, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.