मधुमेह : कागदावरचा आणि घरातला

टाइप टू मधुमेहाचे रोजचे उपचार रुग्णाच्या घरीच चालतात. डॉक्टरांची भेट तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही दहा-पंधरा मिनिटांची. बाकीच्या दिवसांत गोळी कधी घ्यायची, लग्नाच्या पंगतीत काय वाढून घ्यायचे, हातपाय थरथरू लागले तर काय करायचे, पायाला फोड आला तर थांबायचे की दवाखाना गाठायचा, हे सारे रुग्ण आणि घरची माणसे ठरवतात. असे निर्णय घेण्यापुरती माहिती मिळवता येणे, ती समजणे आणि वेळेवर वापरता येणे म्हणजे आरोग्यसाक्षरता. शाळेतल्या शिक्षणाची तिला मदत होते, पण पदवी असली की ती आपोआप येते असे नाही.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण निघाले ते गोव्यात, २६.४ टक्के.

सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० मध्ये आरोग्यसाक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, चिठ्ठी, लेबल आणि रिपोर्ट वाचता येण्याची. दुसरी, डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची आणि आपली अडचण सांगण्याची. तिसरी, कानावर आलेला दावा पारखून घेण्याची. आपल्याकडे दुसरी पायरी सर्वांत अवघड जाते. बाहेर रांग असते, डॉक्टर घाईत असतात, आणि ‘समजलं ना?’ या प्रश्नावर मान डोलावण्यापलीकडे काही घडत नाही. या साक्षरतेचा तब्येतीशी थेट संबंध असल्याचे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. त्यांनी ४०८ मधुमेही रुग्ण अभ्यासले. ज्यांची आरोग्यसाक्षरता कमी होती त्यांची साखर जास्त बिघडलेली आढळली, आणि डोळ्यांच्या पडद्याचे विकारही त्यांच्यात अधिक निघाले.

रिपोर्टवरचे आकडे हा पहिला अडसर. ‘बीएसएल फास्टिंग’ (उपाशीपोटी) आणि ‘पीपी’ (जेवणानंतर) त्या त्या वेळची साखर दाखवतात. पीपीचे दोन तास जेवायला सुरुवात केल्यापासून मोजायचे असतात; अनेक जण हात धुतल्यापासून मोजतात. तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळून आकडा चांगला आणण्याची युक्तीही घरोघरी चालते. ‘एचबीएवनसी’पुढे ती चालत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आधीच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब देते. बहुतेक प्रौढांसाठी हा आकडा ७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असते; वृद्धांसाठी ते सैल करतात. रक्तक्षय असेल तर आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून तो इतर तपासण्यांसोबत वाचायचा असतो.

औषधांच्या बाबतीत खरी परीक्षा इन्सुलिनची. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनमधली काडतुसे १०० युनिटची. सिरिंजही त्याप्रमाणे दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. दुकानात लाल संपली म्हणून केशरी आणली आणि ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अंगात प्रत्यक्षात ८ युनिट जातात. साखर उतरत नाही आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. उलटा घोळ जिवावर बेततो: १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहणे एवढाच यावरचा उपाय आहे, आणि तो अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शिकवता येतो. एकाच जागी रोज सुई टोचल्याने तिथे गाठी होतात व औषध नीट शोषले जात नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे.

साखर अचानक उतरण्याचा धोका मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. आपली गोळी यांपैकी कोणती, हे रुग्णाला ठाऊक हवे. दरदरून घाम, थरथर, धडधड, अनावर भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. मोजल्यावर साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. पेढा-बर्फी इथे कामाची नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखरही लवकर लागू पडत नाही; त्यांनी ग्लुकोजची पूडच जवळ बाळगावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, तडक रुग्णालयात न्यायचे.

या सगळ्याची गाठ एकादशीला पडते. सकाळची गोळी सवयीने घेतली जाते, पोटात काही नसते, आणि अकराच्या सुमारास साखर उतरते. दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पोटभर खाल्ली की तीच साखर वर चढते. उपास करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावा लागतो, आणि साबुदाण्याच्या जागी थोडी भगर, दाणे, दही असा फराळ बरा. ‘गूळ चालतो’, ‘ज्वारीची भाकरी कितीही चालते’ या समजुतीही अशाच चिवट. गूळ मुख्यतः साखरच आहे. भाकरी पोळीपेक्षा काहीशी उजवी मानली तरी चारऐवजी दोन खाल्ल्यानेच फरक पडतो.

‘मी तर बारीक, मला कुठला मधुमेह’ हा आणखी एक भ्रम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. भारतीयांनी वजनकाट्याइतकाच कंबरेचा घेर का पाहावा, ते या एका फोटोत कळते. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा.

पाय, डोळे आणि मूत्रपिंड बिघडत असताना अनेकदा दुखत नाहीत. नसा बधिर झाल्या की चपलेत खडा शिरलेलाही कळत नाही. म्हणून रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरायचा. अनवाणी देवदर्शन आणि पाय शेकणे टाळायचे. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतले अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासायचे, तक्रार नसली तरीही.

तिसऱ्या पायरीची, म्हणजे दावा पारखण्याची, कसोटी मोबाइलवर लागते. ‘मधुमेह मुळापासून बरा’ या दाव्यात सत्याचा कण आहे, म्हणूनच तो धोकादायक ठरतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत २०१७ मध्ये सुमारे निम्म्या रुग्णांची साखर वर्षभरानंतर औषधाविना आटोक्यात दिसली. पण आजार फार जुना नसलेल्या रुग्णांनी, वैद्यकीय देखरेखीखाली, कित्येक आठवडे दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर राहून वजन घटवले होते. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेऊन गोळ्या बंद करण्याला त्यातून कसलाही आधार मिळत नाही.

शिकवल्याने किती फरक पडतो? ब्रिटनच्या ‘डेसमंड’ कार्यक्रमात नव्याने निदान झालेल्यांना सहा तासांचे गटशिक्षण दिले गेले. २००८ च्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर त्यांचे वजन अधिक घटले, धूम्रपानही कमी झाले. एचबीएवनसीत मात्र लक्षणीय फरक निघाला नाही. एकदाच्या शिबिराचा परिणाम ओसरतो. प्रत्येक भेटीत थोडे सांगून, रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत परत वदवून घेण्याची पद्धत अधिक उपयोगी वाटते. शिलिंजर यांनीच २००३ मध्ये ६१ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी फक्त १५ गोष्टी अशा पडताळून पाहिलेल्या आढळल्या. आणि ज्यांच्या डॉक्टरांनी पडताळले त्यांची साखर अधिक काबूत होती. महाराष्ट्रात हे काम आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि औषध दुकानदारही करू शकतात. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कंबरेचा घेर आणि तंबाखूची सवय तपासणीच्या फॉर्ममध्ये नोंदवतातच. ज्या घरात इन्सुलिन सुरू आहे तिथे ‘कळलं का?’ऐवजी ‘भरून दाखवा बघू’ म्हटले, की टोपणाचा रंग आणि खुणेचा आकडा तिथल्या तिथे तपासला जातो.