‘अस्थिच्छेदन’ : एक संज्ञा आणि एक शस्त्रक्रिया

पारिभाषिक शब्द केवळ व्युत्पत्तीने शुद्ध असून भागत नाही. क्रियेचे प्रयोजनही त्यातून सूचित व्हावे लागते. ‘ऑस्टिऑटमी’ या संज्ञेसाठी योजला जाणारा ‘अस्थिच्छेदन’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ‘शिरच्छेद’, ‘अंगच्छेद’ या शब्दांच्या साहचर्यामुळे तो ऐकणाऱ्यास हाड तोडून काढल्याचा भास होतो. ज्या बालकांचे मूत्राशय जन्मतः उघडे असते, त्यांच्या बाबतीत हा भास पालकांच्या निर्णयावर परिणाम करू शकतो.

ही विकृती विरळ असून साधारणतः 30,000 ते 50,000 जन्मांत एकदा आढळते. तीत ओटीपोटाची भिंत जुळलेली नसते व मूत्राशयाचा आतील पृष्ठभाग बाहेर दिसतो. निरोगी श्रोणी हे एक बंद कडे होय. येथे मात्र त्या कड्याचे तोंड पुढून उघडे राहते. जघनास्थींमधील अंतर एरवी सुमारे 1 सेंटिमीटर असते, ते येथे जन्मतःच सुमारे 4 सेंटिमीटर भरते. स्पॉन्सेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली दाखविले की, श्रोणीची हाडे बाहेर वळलेली तर असतातच, शिवाय त्यांचा पुढील भाग सुमारे 30 टक्के आखूड असतो.

मग हाड कापावयाचे कशासाठी? चाल सुधारणे हा मुख्य हेतू नव्हे. पाय बाहेर टाकून चालण्याची लकब वयाबरोबर बहुधा कमी होते. खरा प्रश्न ताणाचा आहे. हाडे दूर असताना पोटाची भिंत ओढून शिवली, तर टाके उसवण्याची भीती असते. शिवाय मूत्राशयाची मान श्रोणीच्या कड्यात खोल बसली, तर पुढे मूत्रावरोधाचे सामर्थ्य येण्यास साहाय्य होते. जन्मानंतर पहिल्या सुमारे 72 तासांत हाडे लवचिक असल्याने ती पुष्कळदा न कापताच जुळविता येतात. त्यानंतर कटिअस्थी दोन्ही बाजूंस कापून आत वळवाव्या लागतात, आणि बालकास काही आठवडे निश्चल ठेवावे लागते. शुल्ट्झ यांनी 1958 साली या संयुक्त शस्त्रक्रियेचे वर्णन केले. मेलबर्नच्या जस्टिन केली यांची पद्धती मात्र हाडास हात न लावता मृदू ऊतीच मोकळ्या करते. बालक वाढू लागले की जघनास्थी पुन्हा काहीशा दूर सरकतात. म्हणून केवळ क्ष-किरणचित्रावरून यशापयश ठरविणे योग्य नव्हे.

वसई तालुक्यातील निर्मळसारख्या गावच्या कुटुंबाला अशा उपचारासाठी मुंबई गाठावी लागेल, किंवा त्याच लोहमार्गाने उत्तरेस अहमदाबादला जावे लागेल. तेथील सिव्हिल हॉस्पिटलात 2009 पासून भारतीय व परदेशी शल्यविशारदांनी एकत्र येऊन अशा बालकांवर शस्त्रक्रिया करण्याचा उपक्रम चालविला. अशा ठिकाणी संमतिपत्रावर सही करणाऱ्या आईबापांपुढे ‘छेदन’ हा एकच शब्द ठेवला, तर क्रियेचा अर्धाच भाग त्यांना कळतो. विभाजन, परिवर्तन आणि संधान अशा तीन पायऱ्या या क्रियेत आहेत. शास्त्रीय लेखनात ‘अस्थिविभाजन’ ही संज्ञा अधिक निर्दोष वाटते. पालकांशी बोलताना मात्र संज्ञेपेक्षा वाक्यच बरे : ‘हाड काढून टाकायचे नाही, कापून आत वळवायचे, म्हणजे ते तिथे पुन्हा जुळून येईल आणि शिवण टिकेल.’